पान बत्तीस, मिली साडेएकोणीस

२ मार्च २०१३, शनिवार. सकाळी ७.१०

रोजनिशी आजपासून पुन्हा सुरू. मागची १९ जानेवारी २०११ ला बंद पडली. कारण पेन.

फेसबुकवरच्या 'गरुड १७५ मालक-चालक मंडळ' या ग्रुपवर आज ४१ सदस्य झाले. ग्रुप मी काढला. गरुड १७५ ही टू-स्ट्रोक मोटारसायकल १९९५ ला बंद झाली, मागोमाग कंपनीही. त्यामुळे या गाडीवर अधिकारानं बोलणारा माणूस महाराष्ट्रात सध्या एकच आहे. नाव लिहीत नाही, उगाच मोठेपणा नको.

लातुरात क्लासच्या गल्लीत माझं झेरॉक्सचं दुकान. दिवसभर पोरं कुणाच्या ना कुणाच्या नोट्स काढून नेतात. फिजिक्सला सर, केमिस्ट्रीला सर, फॉर्म भरायलासुद्धा सर. मी जन्मात एक क्लास लावला नाही. टायपिंग, इंग्रजी, झेरॉक्स मशीन, कार्बुरेटर, सगळं स्वतः. तरी ग्रुपवर लोक मला 'गुरु सर' म्हणतात. नाव गुरुलिंग, त्याचं त्यांनी केलं. मी अडवत नाही.

संकल्प: कुणाही गरुडवाल्याचा प्रश्न आला की २४ तासांत उत्तर. मुद्देसूद. नंबर टाकून.

सुकन्या आतून म्हणाली, अहो, गॅस संपत आलाय, नंबर लावा. तिची खानावळ आहे, चौदा पोरांचे डबे. म्हणालो, एक उत्तर देऊन होऊ दे. उत्तर दिलं तोवर तिनं लावला होता.

४ मार्च, सोमवार

उमरीच्या शेषेरावचा प्रश्न. हा नवा सदस्य. गाई-म्हशींना कृत्रिम रेतन करतो. गरुडच्या मागं नायट्रोजनचं नळकांडं बांधायचं आणि फोन येईल त्या गावाला जायचं. म्हैस माजावर आली की अर्धा-पाऊण दिवस हातात असतो, चुकला की एकवीस दिवस थांबा, असं त्यानं लिहिलंय. म्हणजे गाडी बंद, तर याचं पोटही बंद आणि शेतकऱ्याचं दूधही बंद.

प्रश्न: गाडी धूर लई फेकते, म्हशी बुजतात. पेट्रोलात ऑइल लिटरला किती टाकायचं?

सर्व्हिस मॅन्युअल काढलं. मूळ इंग्रजी प्रत, महाराष्ट्रात दुसरी असेल असं वाटत नाही. पान ३१ नंतर थेट पान ३३. ऑइलचा तक्ता नेमका ३२ वर असणार.

६ मार्च, बुधवार

सरदारभाईच्या गॅरेजवर गेलो. विचारायला नाही, ताडून बघायला. तेवीस वर्षं माझी गाडी तो बघतो. पेट्रोल-ऑइलसुद्धा तोच भरतो, कारण माझे कपडे.

सहज विषय काढला. सरदारभाई स्पार्क प्लग घासत म्हणाला, लिटरला एक झाकण, शेठ. भूकंपापासून तेच चाललंय.

या माणसाला मिलीलिटर माहीत नाही. हात सोन्याचा, पण शास्त्र शून्य. अशा अडाणी ज्ञानाला आकड्यात बसवणं हेच माझं काम.

घरी येताना टू-टी ऑइलची अर्ध्या लिटरची बाटली घेतली. मेडिकलमधून सिरिंज. झाकण तीन वेळा भरून मोजलं. १९.४, १९.६, १९.५. सरासरी १९.५.

सुकन्या कणीक मळत बघत होती. म्हणाली, अहो, कुठलं झाकण ते विचारलं का त्यांना? म्हणालो, झाकण म्हणजे झाकण. ती म्हणाली, मी भाजीत एक चमचा मीठ टाकते, शेजारणीनं तिच्या चमच्यानं टाकलं तर पोरं खातील का?

स्वयंपाक आणि इंजिन यातला फरक समजावून सांगायला वेळ नव्हता.

७ मार्च, गुरुवार

पान ३२ तयार. जुन्या टाइपरायटरवर, मॅन्युअलच्या मापाचा समास सोडून, इंग्रजीत. लिटरला १९.५ मिली. कमी नाही, जास्त नाही. कागद चहाच्या पाण्यात बुडवून वाळवला, म्हणजे बाकीच्या पानांशी रंग जुळतो. ही फसवणूक नव्हे, टापटीप आहे.

स्कॅन करून ग्रुपवर टाकलं. '१. पान ३२ उपलब्ध झाले आहे. २. काटेकोर पालन करावे.' ४१ पैकी ३७ लाइक. मी स्वतः सोडून उरलेल्या तिघांची नावं लिहून ठेवली आहेत.

२० मार्च, बुधवार

शेषेरावचा संदेश जसाच्या तसा उतरवतो: "सर, धूर गायब! म्हशी बुजंना झाल्या. मी आमच्या कामाच्या सिरिंजीनंच मोजून राहिलो, १९.५ म्हणजे १९.५. पान बत्तीस लॅमिनेशन करून गाडीच्या खोक्यात ठेवलं हाय."

आता सगळेच पान ३२ वर आले आहेत. सगळ्यांचा धूर कमी झाला. प्लग स्वच्छ. एक माणूस घरबसल्या काय करू शकतो!

११ एप्रिल, गुरुवार. गुढीपाडवा

मंडळाचा पहिला मेळावा १२ मे रोजी कंधारच्या किल्ल्यावर ठरला. शेषेरावनं सुचवलं की तिथं गुरु सरांचा शाल घालून सत्कार करावा. मी नको म्हणालो. पुन्हा आग्रह झाला, पुन्हा नको म्हणालो. त्यानंतर दोन तास कुणीच काही लिहिलं नाही, म्हणून हो म्हणून टाकलं. लोकांचं मन मोडू नये.

१६ एप्रिल, मंगळवार

निलंग्याच्या रामलिंगचं इंजिन जाम. चालता चालता मागचं चाकच धरलं म्हणे. हा ग्रुपचा दुसरा अ‍ॅडमिन, तसा हुशार. निदान: १. पिस्टन लोकल होता. २. मूळ पिस्टन वापरावा. (मूळ पिस्टन मिळत नाही. पण वापरावा.)

१९ एप्रिल, शुक्रवार

किनवटच्या अमानचं इंजिन जंगलातल्या रस्त्यावर जाम. चार किलोमीटर ढकलत नेली. निदान: १. पेट्रोलमध्ये भेसळ. २. पंप बदलावा. अमान म्हणतो, सर, तिथं पंपच एक आहे. मुद्दा क्रमांक २ मागे घेतला.

२४ एप्रिल, बुधवार

उदगीरच्या वीरण्णाचंही जाम. निदान: ऊन.

तिन्ही गाड्यांत समान काय आहे याचा आज दोन तास शांतपणे अभ्यास केला. तिन्ही गाड्या लाल आहेत. लाल रंग ऊन जास्त धरतो का, हे बघितलं पाहिजे.

माझी गाडी मात्र ठणठणीत. शेवटी चालवणाऱ्यावर असतं.

२९ एप्रिल, सोमवार. दुपारी

सरदारभाईकडं मेळाव्याच्या आधीची सर्व्हिसिंग. आज पहिल्यांदा तो पेट्रोल-ऑइल मिसळताना जवळ उभा राहिलो. खिळ्याला दोरीनं बांधलेलं केशरी प्लास्टिकचं झाकण त्यानं काढलं. झाकण कसलं, छोटा पेलाच. त्यात काठोकाठ ऑइल भरलं.

विचारलं, हे काय? म्हणाला, झाकण. आमच्या शबानाच्या शाळेच्या वॉटरबॅगचं. भूकंपाच्या टायमाला माप सापडत नव्हतं ना शेठ, तवापासून हेच.

ग्रुपच्या पहिल्या पानावर मी लिहिलंय की ९३ च्या भूकंपात माझ्या गाडीनं किल्लारीकडून तीन दिवसांत जखमींच्या अकरा फेऱ्या केल्या. ते खरं आहे. गाडी माझी होती. चालवली सरदारभाईनं.

झाकण धुऊन देतो म्हणून घरी आणलं. सिरिंज काढली. ४६ मिली. पुन्हा मोजलं. ४६.

तिसऱ्यांदा मोजलं नाही.

१ मे, बुधवार. महाराष्ट्र दिन

४६ च्या जागी १९.५, म्हणजे गेले दोन महिने मराठवाड्यातल्या गरुडगाड्या जवळजवळ कोरड्या धावत आहेत. धूर कमी झाला तो म्हणूनच.

निर्णय: आजच सगळ्यांना कळवणे.

पण आज महाराष्ट्र दिन. लोक शुभेच्छा टाकत आहेत. मध्येच जाम इंजिनचा विषय बरा दिसत नाही. उद्या.

२ मे, गुरुवार

कच्चा मसुदा: 'पान ३२ वर छपाईची चूक आढळली आहे.' पण पान कंपनीचं, मग चूक कंपनीची, आणि ती मला कळली कशी? कंपनीच नाही, तेव्हा तिच्यावर ढकलायला हरकत नव्हती. पण टाइपरायटरमधला 'e' थोडा वर उठतो. दुकानाच्या दरपत्रकावर, बिलावर, पान ३२ वर, सगळीकडं सारखाच. कुणीतरी ओळखेल.

सुकन्या म्हणाली, अहो, सरळ सांगा ना, झाकण चुकलं. म्हणालो, चाळीस लोकांचा विश्वास आहे. ती म्हणाली, म्हणूनच.

३ मे, शुक्रवार

मार्ग सापडला. दुरुस्ती तिऱ्हाईतानं सुचवायची, मी ती मोठ्या मनानं मान्य करायची. माणिकप्पा उदगीरकर नावानं नवं खातं काढलं. फोटो नंदीचा. माणिकप्पानं लिहिलं: "पान ३२ चूक आहे. ऑइल लिटरला ४६ मिली टाका, नाहीतर इंजिन जाम होईल." साधी भाषा, नंबर न टाकता. म्हणजे माझ्यावर संशय नको.

४ मे, शनिवार

माणिकप्पावर गावभर धुरळा उडाला. सगळ्यात पुढं शेषेराव. "कोण रे तू? गाडी हाय का तुझ्याकडं? आरसी दाखव! सरांनी दशांशापर्यंत मोजलंय आन् तू गोल आकडा सांगून राहिला. ज्याला दशांश कळंना त्यानं इंजिनाला हात लावू न्हाई."

किनवटचा अमान म्हणाला, पण भाई, माझं इंजिन जाम झालं ना. शेषेरावनं त्याला गप्प केलं: "सरांनी सांगितलं न्हवं, पेट्रोलात भेसळ हाय म्हणून? सरांच्या वर जातो का?"

वाचून ऊर भरून आला. नंतर लक्षात आलं की शिव्या मलाच आहेत.

मोठ्या मनानं मान्य करण्याची संधी या गदारोळात मिळाली नाही.

६ मे, सोमवार

माणिकप्पाला ग्रुपमधून काढा, अशी मागणी. मतदान घेतलं. काढा म्हणणारे ३४, नको म्हणणारा १. तो १ माणिकप्पा.

अ‍ॅडमिन या नात्यानं मी त्याला काढलं. नियम सगळ्यांना सारखा.

८ मे, बुधवार. सकाळी ९.४०

शेषेरावला फोन करून तोंडी सांगायचं ठरवलं. रविवारी तो उमरीहून कंधारला एवढ्या उन्हात १९.५ वर येणार. इंजिन टिकणार नाही.

फोन उचलला. म्हणाला, सर, दोन मिनिटं धरा, हात म्हशीत हाय. सात मिनिटं धरला. मागून एक बाई म्हणत होती, एवढ्या डावाला गाभ राहू दे रं बाबा, मागच्या डावाला वाया गेलं. मग शेषेराव आला. म्हणाला, ह्या तुळजाबाई, त्यांना बी सांगितलंय तुमचं नाव. शाल घेतली हाय सर, नांदेडहून. सगळ्या गावाला सांगितलंय की माझ्या सरांचा सत्कार हाय.

म्हणालो, ऊन फार आहे, बसनं या. तो हसला. गरुडच्या मेळाव्याला बसनं? सर परीक्षा घेऊन राहिले!

मीही हसलो. फोन ठेवला.

१२ मे, रविवार. कंधार

नऊ गाड्या आल्या. माझी गाडी वाटेत एकदाही थांबली नाही. मागं सरदारभाई बसला होता, खिशात झाकण. गाडी नेताना तो बरोबर असलेला बरा, असं मीच म्हणालो होतो.

शेषेराव दीड वाजता आला. टेम्पोत. गाडी आडवी, दोरानं बांधलेली. नांदेड सोडल्यावर इंजिन जाम झालं. रस्त्यात असतानाच तुळजाबाईचा फोन आला होता. बुधवारचा माज कच्चा निघाला, म्हैस आज खरी माजावर दिसती, लगेच ये. हा उन्हात रस्त्याच्या कडेला, मेलेल्या गाडीपाशी. जाऊ शकला नाही.

तरी टेम्पोतून उतरून आधी त्यानं मला शाल घातली. नारळ दिला. मग हळूच म्हणाला, सर, चूक माझीच हाय. सिरिंजीत हवेचा बुडबुडा राहिला आसंल.

मी म्हणालो, होतं असं कधी कधी.

सरदारभाईनं माझ्याकडं बघितलं. मग शेषेरावच्या गाडीचा प्लग काढला, आत बोट घातलं, वास घेतला. म्हणाला, एकदम सूखा. तेल कुणाच्या मापानं टाकलं भाऊ? शेषेरावनं लॅमिनेशन केलेलं पान ३२ काढून दाखवलं. सरदारभाईला इंग्रजी येत नाही. म्हणाला, शेठ, काय लिहिलंय वाचा की जरा.

वाचलं. नाइनटीन पॉइंट फाइव्ह.

त्यानं खिशातलं झाकण काढलं, शर्टाला पुसलं, परत खिशात ठेवलं.

परतीच्या वाटेवर लातूर येईपर्यंत शालीत फार उकडत होतं. काढली नाही.

१३ मे, सोमवार. बसव जयंती

दुकान बंद. परीक्षा संपल्या, खानावळीत पाचच ताटं. सुकन्याला मोकळा वेळ आहे, त्यामुळे सगळं सांगावं लागलं.

तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, आता त्या म्हशीला जाऊन दशांश समजावा.

१४ मे, मंगळवार. सकाळी ८.००

लिहिलं. स्वतःच्या नावानं, स्वतःच्या फोटोसह. चार ओळी, नंबर न टाकता. "पान ३२ कंपनीचं नाही, मी टाइप केलेलं आहे. मी चुकीचं झाकण मोजलं. ऑइल ४६ मिली टाका. जाम झालेल्या इंजिनांना मीच कारण आहे."

आयुष्यातलं सगळ्यात छोटं उत्तर. लिहायला अडीच तास लागले. आता मन हलकं. लोक काय म्हणतील याची पर्वा नाही. अर्ध्या तासात नऊदा बघितलं.

१४ मे, सायंकाळी ५.३०

एकही लाइक नाही. प्रतिक्रिया एकवीस. वीरण्णा म्हणतो, सरांचं अकाउंट हॅक झालं! शेषेरावनं तर पुरावेच दिले: "ही माणिकप्पाची भाषा हाय. तोच आकडा. सर नंबर टाकल्याबिगर लिहीतच न्हाईत. आन् सर स्वतःची चूक हाय म्हणतील का कधी?"

या शेवटच्या मुद्द्यावर सर्वांचं एकमत झालं.

रामलिंगनं खबरदारी म्हणून मला ग्रुपमधून काढून टाकलं आहे.

१६ मे, गुरुवार

शेषेरावचाच फोन आला. म्हणाला, सर, अकाउंटची काळजी करू नका, तालुक्याला सायबर कॅफेवाला वळखीचा हाय. म्हणालो, अरे ते मीच लिहिलंय. तो म्हणाला, हाव सर, तुम्ही लई मोठ्या मनाचे, त्याला बी पाठीशी घालून राहिले. मी पुन्हा सांगितलं. म्हणाला, गाडीचं जाम इंजिन नांदेडला बोअर करून घेतलं, रविवारी उमरीच्या पंपावर टाकी भरून सुरू करतो. १९.५. तुमच्या शब्दाबाहेर न्हाई.

रेंज गेली. नंतर लागलाच नाही.

१८ मे, शनिवार

सरदारभाईकडं झाकण मागायला गेलो. सगळं सांगितलं. तो म्हणाला, मला कंधारलाच समजलं होतं शेठ. विचारलं, मग तिथं चार लोकांत बोलला का नाही? म्हणाला, तुमच्या अंगावर शाल होती ना.

दोरीसकट झाकण दिलं. म्हणाला, हरवू नका.

१९ मे, रविवार. उमरी

पहाटेच्या बसनं निघालो, नांदेडला बदलून उमरी. गरुडचा माणूस बसनं. खिडकीशेजारी जागा मिळाली, एवढं बरं.

शेषेराव पंपावरच होता. टाकी उघडी, बाटली मांडलेली, सिरिंज डोळ्यासमोर धरलेली, एक डोळा मिटलेला. मला बघून सिरिंजसकट पाया पडायला वाकला.

म्हणालो, थांब. सिरिंज बाजूला ठेव. खिशातून झाकण काढलं, त्यात काठोकाठ ऑइल भरलं आणि त्याच्या टाकीत ओतलं. मग उभ्या उभ्या सांगितलं. पान कुणी टाइप केलं. झाकण कुणाचं होतं, मी कुठलं मोजलं. चहाचं पाणीसुद्धा सांगितलं.

 पंपावरच्या माणसानं दोनदा विचारलं, भरायचं का? शेवटी शेषेराव म्हणाला, तुळजाबाईची म्हैस दोन डाव गेली सर. बेचाळीस दिवस.

म्हणालो, हो.

त्यानं झाकण हातात घेतलं. पुन्हा भरलं, सिरिंजीनं ओढून मोजलं. म्हणाला, ४६.२ हाय. तुम्ही ४६ लिहिलं होतं.

म्हणालो, दुरुस्त करून घेतो.

गाडी एका किकमध्ये सुरू झाली. धूर भरपूर. पलीकडं बांधलेली एक म्हैस बुजली. शेषेरावनं मला मागं बसवून तुळजाबाईच्या गोठ्यावर नेलं. मी तिथंही सांगितलं. तुळजाबाईनं मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि शेषेरावला विचारलं, हेच का ते शालवाले? पुढच्या माजाची तारीख कॅलेंडरवर खूण करून घेतली. परतताना टपरीवर चहा माझ्याकडून झाला.

शेषेराव बसस्टँडवर सोडायला आला. बस लागली होती. तो म्हणाला, म्हंजी सर, तो माणिकप्पा खरं बोलत होता.

म्हणालो, हाव.

तो म्हणाला, लई घालून-पाडून बोललो हो मी त्याला. आरसी दाखव म्हणालो. खऱ्या माणसाला ग्रुपातनं हाकललं. त्याचा नंबर असंल न तुमच्याकडं? मी स्वतः माफी मागतो. तुमची चूक तुम्ही एवढं बसनं येऊन सांगितली, मग मी फोन बी करू न्हाई का?

हीच वेळ होती. बस सुरू झाली नव्हती. कंडक्टर चहा पीत होता. निदान चार मिनिटं होती माझ्याकडं.

म्हणालो, देतो नंबर. उद्यापर्यंत देतो.

त्यासाठी वेगळं सिमकार्ड घ्यावं लागेल. आवाज थोडा उदगीरकडचा काढावा लागेल, त्याचा सराव करणे. परतीत नांदेडला उतरल्यावर स्टँडसमोरच्या दुकानात सहज चौकशी केली. सिमला माणसाचा फोटो लागतो. नंदीचा चालत नाही.